केवळरामच्या टेपातले चार इंच

बुधवार, १८ फेब्रुवारी. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दवनीवाड्यात मोहनलाल रहांगडाले यांच्या नव्या घरासमोर कोहमाऱ्याहून आलेली पिकअप थांबली आणि तिच्यातून चार खिडक्या उतरल्या. दहा पन्नासला त्यांतली पहिली खिडकी बैठकीच्या भिंतीत ठेवलेल्या मोकळ्या जागेत धरून पाहण्यात आली. खिडकी जागेवर होती. तरीही मोहनलाल यांचा मुलगा दुर्गेश याने खिडकीच्या बाजूने अख्खा हात बाहेर काढला आणि पिकअपच्या ड्रायव्हरला थांबण्याची खूण केली.

ड्रायव्हरला वाटले, पोरगा निरोप देत आहे. त्यानेही हात हलवला आणि गाडी काढली.

उरलेल्या तीन खिडक्याही तशाच निघाल्या. उंचीला फूटभर कमी, रुंदीला फूटभर कमी. गृहप्रवेश रविवारी होता. सव्वाशे माणसांना आवतण गेले होते, आणि रविवारनंतर होळाष्टक लागत असल्यामुळे होळीपर्यंत मुहूर्त नाही, असे पंडितजींनी आधीच सांगून ठेवले होते.

खिडक्या लहान येणे ही कोणत्याही घरात अडचण असते. मोहनलाल यांच्या घरात तो अब्रूचा प्रश्न होता, आणि त्याला कारण होते दोन वर्षांपूर्वी जेवताना बोललेले एक वाक्य.

मोहनलाल यांच्या पत्नी सुखवंताबाई. त्यांचे धाकटे भाऊ ओमेश्वर यांनी दोन वर्षांपूर्वी सालेकशाला रस्त्यालगत घर बांधले. कचारगडच्या जत्रेच्या सगळ्या गाड्या त्या घरासमोरून जातात, ही गोष्ट ओमेश्वर प्रत्येक पाहुण्याला सांगत. घराला त्यांनी बाजारात तयार मिळणाऱ्या, चार बाय चार फुटांच्या खिडक्या लावल्या होत्या. गृहप्रवेशाच्या पंगतीत चाळीसेक माणसे बसलेली असताना मोहनलाल यांनी पुरीचा तुकडा मोडला, खिडकीकडे पाहिले आणि विचारले, "ओमेश्वर, इथून रेल्वेचं तिकीट कुठलं भेटते?"

पंगत हसली. ओमेश्वरही हसले. सुखवंताबाई हसल्या नाहीत आणि पुढचे तीन दिवस नवऱ्याशी बोलल्याही नाहीत. चौथ्या दिवशी एवढेच बोलल्या, "आपलं घर बांधान तवा पाहू."

मोहनलाल यांनी ते आव्हान म्हणून घेतले. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे घर उभे राहू लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी गवंड्याला, मुलाला आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघांना सांगून टाकले की या घराला बाजारची खिडकी लागणार नाही. बैठकीची खिडकी पाच बाय पाचची असेल. बैठकीत खुर्ची टाकून बसले की समोरच्या शेतातल्या सातही बांध्या, म्हणजे धानाचे सातही वाफे, एका नजरेत दिसल्या पाहिजेत. हे गणित त्यांनी भिंत उभी होण्यापूर्वी उघड्या जमिनीवर खुर्ची टाकून आणि समोर दोन बांबू रोवून पक्के केले होते. बाकीच्या तीन खिडक्यांतून काय दिसणार हे ठरले नव्हते, पण त्याही पाच बाय पाचच्याच होणार होत्या.

गोंदियाच्या बाजारात मुन्नालाल नावाच्या दुकानदाराने त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. "भैया, स्टँडर्ड ले लो. चार बाय चार, चार बाय तीन. अभी बोलो, अभी गाडी में चढा दूं."

"हमारा घर स्टँडर्ड नहीं है," मोहनलाल म्हणाले आणि दुकानातून उतरले. हे वाक्य त्यांना इतके आवडले की गावात परतल्यावर त्यांनी ते मराठीतही सांगितले.

शेवटी काम गेले कोहमाऱ्याच्या चैतराम यांच्याकडे. हायवेवर त्यांचा छोटा कारखाना आहे. ट्रकच्या केबिनपासून धाब्याच्या गल्ल्यापर्यंत कोणत्याही मापाची काच आणि कोणत्याही मापाची जाळी ते बनवून देतात. मोहनलाल यांनी जाळीत धानाची लोंबी घालायला सांगितली. चैतराम यांनी कागदावर एक लोंबी काढून दाखवली. मोहनलाल म्हणाले, दाणे कमी आहेत. चैतराम यांनी दाणे वाढवले. ऑर्डर ठरली. आता फक्त माप पाठवायचे होते.

माप घेतले केवळराम मिस्त्री यांनी, आणि इथे त्यांच्या टेपाबद्दल सांगणे भाग आहे.

केवळराम हे दवनीवाड्यातले सगळ्यात जुने गवंडी. गावातल्या हनुमान मंदिराचा कळस आणि दाराभोवतीची नक्षी त्यांच्या हातची आहे. त्यांचा लोखंडी टेप मात्र चारपासून सुरू होतो. अकरा वर्षांपूर्वी एका राइस मिलच्या कामावर तो शटरखाली सापडला आणि पहिले चार इंच तुटले. केवळराम यांनी कडा घासली, टोकाला खिळा वाकवून बसवला आणि काम पुढे सुरू ठेवले. नवा टेप घ्या असे सांगणाऱ्यांना ते म्हणतात की कळसाचे माप याच टेपाने घेतले आहे आणि कळस वाकडा आहे का ते जाऊन पाहा.

तेव्हा या टेपावर जे दिसेल त्यातून चार इंच वजा करायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तसेच केवळराम यांच्यासमोर त्या चार इंचांचा विषय काढायचा नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी एका घरमालकाने तो काढला होता. केवळराम यांनी थापी पिशवीत घातली आणि ते घरी गेले. त्या माणसाच्या कंपाउंडची भिंत आजही कमरेइतकीच आहे.

बारा जानेवारीला केवळराम यांनी चारही खिडक्यांच्या मोकळ्या जागा मोजल्या आणि मोठ्याने सांगितले, "पाच फूट. पाच फूट. सगळ्या सारख्या." मोहनलाल यांनी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर तसे लिहून घेतले. त्यानंतर जे घडले ते अठरा फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत कोणालाही माहीत नव्हते.

आता, बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता, सगळे ओट्यावर जमले होते. खिडक्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. केवळराम यांना घरून बोलावून आणले होते आणि ते आल्यापासून उभेच होते.

"मी पाच सांगतलं," ते म्हणाले. "टेपवर पाच फूट चार दिसत होतं. चार काटून मी पाच सांगतलं. अकरा वर्षं झाली, मी काटूनच सांगतो."

मोहनलाल यांनी मान वर केली. "तुमी काटून सांगता?"

"मंग का जोडून सांगीन?"

मोहनलाल यांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांनी कबूल केले की केवळराम टेपावरचा आकडा जसाच्या तसा सांगतात असे त्यांना वाटले होते. केवळराम घरी गेल्यावर, त्यांचे मन दुखू नये म्हणून, त्यांनी स्वतः चार इंच वजा केले आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर चार फूट आठ असे लिहून तो कागद दुर्गेशकडे दिला. चैतराम यांना पाठव म्हणून सांगितले.

दुर्गेश गोंदियाला मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि हिशेबात चोख आहे. तो बापाकडे पाहत राहिला.

"बाबूजी, त्या कागदावर तुमी काटलं होतं?"

"काऊन?"

"मीबी काटलं."

दुर्गेशला वाटले होते, बाबूजी खिडक्यांच्या नादात चार इंच विसरले असतील. बापाला चूक दाखवण्यापेक्षा ती गुपचूप सुधारलेली बरी, असा विचार करून त्याने मोबाइलवर चार फूट चार असे लिहून माप पाठवले होते. आपण वेळेवर सावध झालो, याचे त्याला त्या दिवशी समाधानही वाटले होते.

चैतराम यांना फोन लावण्यात आला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मी फोनवर इचारलं होतं, नाप कोनी घेतला म्हणून," चैतराम म्हणाले. "तुमच्या दुर्गेशनं सांगतलं, केवळरामनं. मी म्हणलं बरं. अन चार काटले."

"कायले काटले?"

"काटावेच लागते ना जी. एका धाबेवाल्यानं त्यायचा टेप उसना आनून सोताच नाप घेतला होता. खिडकी भिंतीत घुसेचना. तवापासून केवळरामचं नाव आलं का मी चार काटतो. मले सांगावं लागत नाही."

शेवटचे वाक्य ते अभिमानाने म्हणाले. खरे तर त्या सकाळी ओट्यावरही कोणी फारसे शरमलेले नव्हते. प्रत्येकाने आठवणीने चार इंच वजा केले होते, प्रत्येकाने दुसऱ्याची चूक झाकली होती, आणि कोणी कोणाला विचारले नव्हते, कारण प्रत्येकाला माहीत होते.

चैतराम यांनी नव्या खिडक्या करून देण्याची तयारी दाखवली, पण पंधरा दिवस लागतील म्हणाले. या परत घ्याल का, असे दुर्गेशने विचारले. त्यावर पलीकडून उत्तर आले की साधी जाळी असती तर आजच्या आज घेतली असती, हे माप तर रोज खपते. पण लोंबीवाली कोण घेईल.

"हे माप रोज खपते म्हंजे?" दुर्गेशने विचारले. पण फोन ठेवला गेला होता.

तो मोटरसायकलवर बसून चौकातल्या दुकानात गेला आणि नवा कोरा टेप घेऊन आला. त्याने पहिली खिडकी उभी मोजली, आडवी मोजली. मग दुसरी मोजली. तिसरी मोजण्याची गरज नव्हती.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "चार बाय चार."

मोहनलाल ओट्याच्या कडेवर बसले. महिनाभर थांबून, कोहमाऱ्याला तीन खेपा घालून आणि लोंबीचे दाणे वाढवून घेऊन त्यांनी जी खास खिडकी बनवून घेतली होती, ती मुन्नालालच्या दुकानात त्याच दिवशी गाडीत चढवून मिळत होती.

सुखवंताबाई दारात उभ्या होत्या. "ओमेश्वरच्या घरची खिडकी," त्या म्हणाल्या. "रविवारी तो येईल. त्याले काय सांगान ते आताच ठरवून ठेवजा." आणि आत गेल्या.

मोहनलाल यांनी बैठकीत खुर्ची टाकली. दुर्गेश आणि केवळराम यांनी खिडकी जागेच्या मधोमध धरली. मोहनलाल यांनी बसून मोजल्या. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच झाली होती आणि बांध्या कोवळ्या हिरव्या दिसत होत्या. पाच दिसल्या. दोन्ही टोकांच्या दोन बांध्या भिंतीआड गेल्या होत्या.

"विटा लावून बुजवून टाका," ते म्हणाले.

केवळराम यांनी खिडकी खाली ठेवली. ते मोकळ्या जागेसमोर बराच वेळ उभे राहिले. मग जवळ गेले, कडेला वीत लावली, दोन बोटे लावली, पुन्हा वीत लावली. टेप खिशात होता, पण काढला नाही.

"बुजवत नाही," ते म्हणाले. "बॉर्डर टाकतो. मंदिराच्या दाराले टाकली तशी. दोन इंचाची एक पायरी, चारही अंगानं. अशा तीन पायऱ्या आत उतरत जातीन अन मंधात खिडकी. इकडून सहा इंच, तिकडून सहा इंच. तुमचा फूट भरला."

मोहनलाल यांना ते पटले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. केवळराम पुढे म्हणाले, "एक पायरी तुमची, एक दुर्गेशची, एक चैतरामची."

"अन तुमची?"

"माही नाही त्याच्यात. मी पाचच सांगतलं होतं."

काम दुपारी दोनला सुरू झाले. केवळराम यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. एक मजूर माल कालवून देई आणि केवळराम थापीने एकेक पायरी बसवत जात. कोपऱ्यांवर त्यांनी इतका वेळ घेतला की दुर्गेशला रविवारची चिंता वाटू लागली आणि बाकीच्या तीन खिडक्या गृहप्रवेशानंतर करायचे ठरले. पण गुरुवारी संध्याकाळपर्यंत बैठकीची खिडकी पूर्ण झाली होती आणि रस्त्याने जाणारी माणसे सायकली थांबवून पाहत होती. मोठ्या चौकोनात लहान चौकोन, त्यात आणखी लहान, त्यात आणखी लहान, आणि शेवटी आत धानाची लोंबी. खिडकी लहान आहे असे कोणालाच वाटले नाही. खिडकीला मखर केले आहे असे वाटले.

शुक्रवारी दोन माणसांनी केवळराम यांना विचारले की हे काय डिझाइन आहे. शनिवारी तिसऱ्याने मोहनलाल यांना विचारले. मोहनलाल यांनी उत्तर देण्यापूर्वी घसा साफ केला.

"आपल्या मनानं करून घेतलं," ते म्हणाले. "आपलं घर स्टँडर्ड नाही."

त्या दुपारी ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. पाच बांध्या. त्यांनी खुर्ची एक फूट पुढे ओढली आणि पुन्हा मोजल्या. सात. त्यांनी दुर्गेशला हाक मारली आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून घेतल्या.

राहता राहिले ओमेश्वर. चार बाय चारच्या खिडकीशी ते दोन वर्षे रोज राहत होते. ती त्यांना मखरातही ओळखू येईल, असे दुर्गेशचे म्हणणे होते. मोहनलाल यांनी शनिवारी बैठकीच्या खिडकीला पडदा लावावा का, असे पत्नीला दोनदा विचारले. सुखवंताबाई लाडू वळत होत्या. दोन्ही वेळा त्यांनी पुढचा लाडू वळायला घेतला.

रविवारी पूजा आठला सुरू होऊन दहाला आटोपली. ओमेश्वर सव्वाअकराला आले. बहिणीसाठी लुगडे आणले होते, मेहुण्यासाठी शर्टाचे कापड आणि गमछा आणला होता. बहिणीला नमस्कार केला, मेहुण्याच्या पाया पडले आणि बैठकीत आले. खिडकीसमोर उभे राहिले. त्यांनी आधी बॉर्डर पाहिली, मग लोंबी पाहिली, आणि मग दोन्ही हात पसरून खिडकीच्या दोन कडांवर ठेवले. घरी सकाळी उठून खिडकी उघडताना ठेवत असतील तसे.

"बॉर्डर मस्त आहे, भाऊजी," ते म्हणाले. "पन खिडकी तं चार बाय चारचीच दिसून राहिली."

बैठकीत वीसेक माणसे होती. मागच्या खोलीतली पंगत उघड्या दारातून दिसत होती. मोहनलाल यांनी शेताकडे पाहिले. दुर्गेशने पंख्याकडे पाहिले.

"हात सांगून राहिला," ओमेश्वर म्हणाले. "हात खोटा नाही बोलत. बाई, घरात टेप असंल ना? आन बरं जरा."

घरात त्या वेळी दोन टेप होते. बुधवारी आणलेला नवा टेप आतल्या खोलीतल्या कपाटात होता. केवळराम यांचा टेप ओट्यावर थापीशेजारी पडला होता. सुखवंताबाईंना दोन्ही जागा माहीत होत्या.

त्या उठल्या. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. तिथे क्षणभर थांबल्या. रेल्वेच्या तिकिटाचे वाक्य त्यांना आठवत नसेल असे मानायला जागा नाही. ते त्यांना नेहमीच आठवते. मग त्या वळल्या, ओट्यावर गेल्या, आणि केवळराम यांचा टेप आणून भावाच्या हातात दिला.

"घे," त्या म्हणाल्या.

मागच्या पंगतीत बसलेल्या केवळराम यांचा घास हातातच राहिला.

ओमेश्वर यांनी टेपाचे टोक खिडकीच्या एका कडेला लावले आणि दुसऱ्या कडेपर्यंत नेले. वाकून पाहिले. टेप सोडला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिले. मग उभे माप घेतले. वाकवलेल्या खिळ्याकडे त्यांचे लक्ष गेले की नाही, हे सांगता येत नाही.

"चार फूट चार," ते म्हणाले. "इकडूनबी चार-चार."

"काय म्हणता?" कोणीतरी विचारले.

"चार फूट चार इंच. हे बाजारात नाही भेटत."

केवळराम अर्धे उठले. अकरा वर्षे त्यांनी कोणालाही चार इंच वजा न करता आकडा सांगितला नव्हता, आणि आता त्यांच्या टेपावरून वीस माणसांसमोर चार इंच जास्तीचे बोलले जात होते. त्यांनी बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात सुखवंताबाई भाताचे पातेले घेऊन त्यांच्यासमोर आल्या.

"केवळरामभाऊ, बसा. भात घ्या."

"बाई, ते चार..."

"भात घ्या म्हणलं ना मी."

केवळराम बसले. त्यांच्या पानावर भात पडला, त्यावर वरण पडले, त्यावर तूप पडले, आणि ते संपेपर्यंत बैठकीतला विषय बदलला होता.

मोहनलाल खोटे बोलले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. त्या दहा मिनिटांत ते काहीच बोलले नाहीत. ओमेश्वर यांनी टेप खाली ठेवला, ते मेहुण्याकडे वळले आणि म्हणाले, "मानलं भाऊजी. तुमी म्हणलं तसं केलं." तेव्हाही मोहनलाल यांनी फक्त मान डोलावली आणि ओमेश्वर यांना खुर्चीवर बसवले. खडूच्या खुणांवर ठेवलेल्या त्या खुर्चीवर मोहनलाल यांच्याशिवाय बसलेला हा पहिला माणूस. त्यांनी ओमेश्वर यांना बांध्या मोजायला लावल्या. ओमेश्वर यांनी सात मोजल्या.

चार वाजेपर्यंत मोहनलाल यांना बोलणे सुचू लागले होते. जाणाऱ्या पाहुण्यांना ते खिडकीपर्यंत नेऊन बॉर्डरच्या पायऱ्या दाखवत. माप मात्र सांगत नसत. एकाने विचारले तेव्हा म्हणाले, "ओमेश्वरले इचारा, त्यानं मोजली आहे."

पाहुणे गेल्यावर सुखवंताबाई ओट्यावर भांडी मोजून ठेवत होत्या. मोहनलाल त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी दोन पराती उचलून एकात एक ठेवल्या. शेवटी त्यांनी विचारले की नवा टेप कपाटात नव्हता काय.

"होता ना," सुखवंताबाई म्हणाल्या.

"मंग?"

"तुमची पायरी आहे त्या बॉर्डरमंधी, दुर्गेशची आहे. आता चार इंच माहेबी आहेत. ध्यानात ठेवजा."

मोहनलाल यांनी ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते आपण होऊन म्हणाले की सालेकशाचे घरही तसे चांगलेच बांधले आहे. सुखवंताबाईंनी चहात साखर घातली आणि हे वाक्य ओमेश्वरच्या पंगतीत बोलून दाखवावे, असे सुचवले. मोहनलाल यांनी विचार करतो म्हणून सांगितले.

प्रकरण इथे संपले असते. पण मंगळवारी दुपारी ओमेश्वर यांनी केवळराम यांना फोन केला. सालेकशाच्या घरावर ते मजला चढवत होते. भिंती झाल्या होत्या आणि खिडक्यांसाठी पाच बाय पाचच्या मोकळ्या जागा सोडल्या होत्या. आता त्यांना तशाच खिडक्या हव्या होत्या. तशीच लोंबी, तशीच बॉर्डर, आणि माप तेच, चार फूट चार. केवळराम म्हणाले की आधी एक गोष्ट सांगायची आहे. ओमेश्वर म्हणाले की पैशाची असेल तर चिंता करू नका. केवळराम म्हणाले, पैशाची नाही, टेपाची आहे. ओमेश्वर म्हणाले की टेप तुमचाच आणा, दुसऱ्या टेपावर आता माझा विश्वास नाही. अकरा वर्षांत केवळराम यांच्या टेपाबद्दल असे कोणी बोलले नव्हते. त्यांनी टेपाचा विषय तिथेच सोडला आणि सोमवारी येतो म्हणाले.

बुधवारी ओमेश्वर स्वतः कोहमाऱ्याला गेले आणि चैतराम यांना ऑर्डर दिली. त्या वेळी झालेले संभाषण चैतराम यांनी नंतर दुर्गेशला फोनवर जसेच्या तसे सांगितले.

"नाप कोनी घेतला?" चैतराम यांनी विचारले.

"मीच घेतला," ओमेश्वर म्हणाले. "केवळरामच्या टेपनं."

"बरं," चैतराम म्हणाले.

गुरुवारी ही बातमी दवनीवाड्यात पोचली. दुर्गेशने कागदावर हिशेब मांडला. चार-चारमधून चैतराम चार वजा करणार, म्हणजे सालेकशाला पुन्हा चार बाय चारच्याच खिडक्या येणार. आणि मोकळी जागा पाच बाय पाचची खरोखरच असेल, तर तीन पायऱ्यांची बॉर्डर इंचभरही इकडेतिकडे न होता बसणार. पण ती जागा ओमेश्वर यांनी कोणत्या टेपाने मोजली, यावर सगळे अवलंबून होते. मोहनलाल यांचे मत पडले की यात आपण बोलू नये. केवळराम यांनी आपण चार इंच वजा करायला तयार आहोत, पण ते नेमके कशातून हे आधी कोणीतरी सांगावे, असे कळवले.

चैतराम शनिवारी ॲल्युमिनियम कापायला घेणार आहेत. एकदा कापले की परत घेणार नाहीत. लोंबीवाली कोण घेईल, हे त्यांनी ओमेश्वर यांनाही सांगून ठेवले आहे.

सुखवंताबाईंनी गुरुवारी संध्याकाळी भावाचा नंबर दोनदा काढला आणि दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. खरे माप सांगायचे तर रविवारी आपण त्याला कोणता टेप दिला, हेही सांगावे लागणार होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी आतल्या खोलीतले कपाट उघडले, नवा टेप बाहेर काढला आणि फोनशेजारी ठेवला. साडेआठपर्यंत दोन्ही वस्तू तिथेच होत्या.